वाचकांचे प्रश्न : पाउंड, स्लग, टन आणि खंडी

मागच्या वेळी वस्तुमान आणि वजन यातला फरक थोडक्यात सांगितला होता, म्हणजे वस्तूत द्रव्य किती ते वस्तुमान, ते किलोत मोजायचं, आणि पृथ्वी त्या वस्तूला किती जोराने ओढते ते वजन, ते खरंतर न्यूटनमध्ये मोजायचं. त्यावर पत्रं आणि मेसेज भरपूर आले आणि बहुतेक सगळ्यांचा सूर एकच, की वर्गात कळतं पण कामाच्या ठिकाणी आकडे समोर आले की घोळ होतो. म्हणून यावेळचं सगळं सदर त्यालाच दिलंय.

सर, मी मेकॅनिकल सेकंड इयरला आहे. डायनॅमिक्सला एक अमेरिकन पुस्तक वापरतो, त्यात वजन पाउंडात देतात आणि लगेच ३२.२ ने भागून त्याला स्लग म्हणतात. पाउंड हे वस्तुमानच आहे ना, मग भागायचं कशाला? किलोला तर आपण कधी ९.८१ ने भागत नाही. (विद्यार्थी, सांगली)

चांगला प्रश्न आहे, आणि हा नीट समजला ना तर पुढचं निम्मं आयुष्य सोपं जाईल. पाउंड या एका नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी राहतात. एक पाउंड-मास, ते वस्तुमान, १९५९ पासून ते अगदी नेमकं ठरवलेलं आहे, ०.४५३५९२३७ किलो. दुसरा पाउंड-फोर्स, ते बल, म्हणजे एक पाउंड वस्तुमानाला पृथ्वी जेवढं ओढते तेवढं, साधारण ४.४४८ न्यूटन. बाजारात हे दोन्ही एकच मानले तरी कुणाचं काही बिघडत नाही, पण न्यूटनचा दुसरा नियम आला की बिघडतं.

बल म्हणजे वस्तुमान गुणिले त्वरण. आता बल पाउंड-फोर्समध्ये घेतलं, त्वरण फूट प्रति सेकंद वर्गात घेतलं, तर समीकरण जुळण्यासाठी वस्तुमान कुठल्यातरी ठराविक एककातच यावं लागतं, आणि ते पाउंड-मास नाही. एक पाउंड वस्तुमानाला एक पाउंड बल लावलं तर त्याला ३२.१७४ एवढं त्वरण मिळतं, एक नाही. एक फूट प्रति सेकंद वर्ग एवढंच त्वरण मिळायला वस्तू ३२.१७४ पट जड पाहिजे. ती जी जड वस्तू, तिचं वस्तुमान म्हणजे एक स्लग, किलोत सांगायचं तर १४.५९४ किलो. तुझं पुस्तक वजन देतं तेव्हा ते पाउंड-फोर्स देतंय, म्हणून भागायचं.

आणि किलोला भागत नाही म्हणतोस ते बरोबर आहे कारण न्यूटन हे एकक मुळातच असं घडवलंय की एक किलोला एक मीटर प्रति सेकंद वर्ग त्वरण देणारं बल म्हणजे एक न्यूटन, मध्ये कुठलाही गुणक शिल्लकच ठेवला नाही. पण गणितात बल किलोग्रॅम-फोर्समध्ये (एक किलोला पृथ्वी जेवढं ओढते तेवढं बल) दिलं असेल तर तिथेही भागावंच लागतं, त्याचं एक उदाहरण खाली मोटरच्या प्रश्नात आहे ते जरूर वाच.

एक गणित करून बघ. ६४४ पाउंड वजनाची ट्रॉली. ३२.२ ने भाग, २० स्लग आले. २० ला १४.५९४ ने गुण, २९१.९ किलो. आता सरळ रस्त्याने ६४४ ला ०.४५३६ ने गुण, २९२.१ किलो. दोन्ही उत्तरं जवळपास सारखी, जो थोडा फरक आहे तो ३२.१७४ ऐवजी ३२.२ घेतल्यामुळे. परीक्षेत मुलं काय करतात, तर भागून २० स्लग काढतात आणि मग त्या २० लाच ०.४५३६ ने गुणतात, उत्तर येतं ९.०७ किलो, आणि तीनशे किलोची ट्रॉली नऊ किलोची झाली तरी पेपरात पुढे जातात. आकडा आला की तो उचलून बघता येईल एवढा आहे का, असा विचार एक क्षण तरी करायचाच.

मी पुण्यात एका डिझाइन कंपनीत एफईए करते, म्हणजे संगणकावर भागाचे छोटे तुकडे (मेश) करून त्यावरचे ताण आणि कंपनं काढते. स्टीलच्या ब्रॅकेटचं स्टॅटिक अनॅलिसिस व्यवस्थित येतं, सेल्फ वेटची (भागाच्या स्वतःच्या वजनाची) रिअ‍ॅक्शन हाताने काढलेल्या आकड्याशी जुळते, पण त्याच मॉडेलची नॅचरल फ्रिक्वेन्सी (भाग आपोआप सेकंदाला जितक्यांदा कंप पावतो ती) टेस्टपेक्षा तीसएक पट कमी येते. मेश, कनेक्शन सगळं तपासलं. एककांचा काही प्रश्न असेल का? (वाचक, पुणे)

जवळजवळ नक्की एककांचाच आहे, आणि तुम्ही ‘तीसएक पट’ हे लिहिलंत तेच मला सगळ्यात उपयोगी पडलं.

सॉल्व्हरला एककं कळत नाहीत, तो फक्त आकडे गुणतो. तुम्ही लांबी मिलीमीटरमध्ये आणि बल न्यूटनमध्ये घेतलंत की वस्तुमान किलोत देण्याचा पर्याय उरतच नाही, ते टनात द्यावं लागतं, कारण एक टनाला एक मिलीमीटर प्रति सेकंद वर्ग त्वरण देणारं बल म्हणजे एक न्यूटन. म्हणून स्टीलची डेन्सिटी, जी आपण ७८५० किलो प्रति घनमीटर म्हणून पाठ केलेली असते, ती या पद्धतीत ७.८५ गुणिले १० चा उणे ९ वा घात अशी जाते. तुमच्या मॉडेलमध्ये बहुतेक उणे ६ वा घात गेलाय, म्हणजे किलो प्रति घन मिलीमीटर. वस्तुमान हजार पट झालं, फ्रिक्वेन्सी वस्तुमानाच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात असते, हजाराचं वर्गमूळ ३१.६, म्हणून फ्रिक्वेन्सी ३१.६ पट कमी. जुळलं ना?

आता प्रश्न राहतो की मग सेल्फ वेट बरोबर कसं आलं. तर तिथे गुरुत्व त्वरण तुम्ही ९.८१ दिलं असणार, मीटरमधलं, खरंतर ९८१० द्यायला हवं होतं. डेन्सिटी हजार पट जास्त, त्वरण हजार पट कमी, दोघांचा गुणाकार बरोब्बर, रिअ‍ॅक्शन बरोब्बर. मोडल अनॅलिसिसमध्ये, म्हणजे नॅचरल फ्रिक्वेन्सी काढताना, गुरुत्व त्वरण येतच नाही म्हणून तिथे चूक उघडी पडली. मला या प्रकारच्या चुकीची सगळ्यात जास्त काळजी वाटते, कारण स्टॅटिकवर काम थांबलं असतं तर हे मॉडेल ‘तपासलेलं’ म्हणून पुढच्या प्रोजेक्टला वापरलं गेलं असतं, आणि कुणी त्यावर शॉक किंवा व्हायब्रेशन लोड लावला असता तर सगळे आकडे चुकले असते.

एक साधी तपासणी सांगतो. मॉडेलमध्ये १०० मिलीमीटर बाजूचा स्टीलचा एक ठोकळा काढा आणि सॉफ्टवेअरला त्याचं मास विचारा. ०.००७८५ आलं पाहिजे, म्हणजे टनात, ७.८५ किलो. ७.८५ आलं तर डेन्सिटी चुकली.

परदेशी क्लायंटचं मॉडेल इंचात आलं तर हीच गोष्ट आणखी अवघड होते. इंच आणि पाउंड-फोर्स घेतलं की वस्तुमानाचं एकक स्लगसुद्धा राहत नाही, १२ स्लगचं एक एकक लागतं, साधारण १७५.१ किलोचं, त्याला काही लोक स्लिंच म्हणतात. स्टीलची डेन्सिटी हँडबुकात ०.२८४ पाउंड प्रति घनइंच असते, ती तशीच न टाकता ३८६.१ ने, म्हणजे इंचातल्या गुरुत्व त्वरणाने, भागून टाकायची, म्हणजे साधारण ०.०००७३५. भागायला विसरलात तर फ्रिक्वेन्सी ३८६.१ च्या वर्गमुळाने, म्हणजे १९.६ पटीने कमी येते. ३१.६ आणि १९.६ हे दोन आकडे टेबलाजवळ लिहून ठेवा, फ्रिक्वेन्सी तेवढ्या पटीत चुकली की मेशकडे बघायच्या आधी मटेरियल कार्ड (जिथे डेन्सिटी भरतो ते) उघडायचं.

आमच्या साखर कारखान्यात एक जुनी परदेशी मोटर बदलायची आहे. जुन्या कॅटलॉगमध्ये रोटरचं जीडी-स्क्वेअर १२ केजीएफ (किलोग्रॅम-फोर्स) मीटर स्क्वेअर लिहिलंय. नवीन मोटरच्या डेटाशीटवर इनर्शिया (फिरण्याचा वेग बदलायला रोटर करतो तो विरोध) ३ किलो मीटर स्क्वेअर आहे. एवढा हलका रोटर चालेल का? (मेंटेनन्स विभाग, कोल्हापूर जिल्हा)

रोटर हलका नाहीये हो, दोन्ही अगदी सारखे आहेत.

जुन्या जर्मन, रशियन, जपानी कॅटलॉगमध्ये इनर्शिया असा द्यायची पद्धत होती, जी म्हणजे वजन किलोग्रॅम-फोर्समध्ये आणि डी म्हणजे गायरेशनचा व्यास, सगळं वस्तुमान एका वर्तुळावर आहे असं धरलं तर इनर्शिया तेवढाच येईल त्या वर्तुळाचा. आता आपण लिहितो तो इनर्शिया वस्तुमान गुणिले त्रिज्येचा वर्ग. व्यास त्रिज्येच्या दुप्पट, वर्ग केला की चौपट, आणि किलोग्रॅम-फोर्समधल्या वजनाचा आकडा म्हणजेच किलोतल्या वस्तुमानाचा आकडा. म्हणून जीडी-स्क्वेअरला फक्त ४ ने भागायचं, १२ भागिले ४ म्हणजे ३. बस्स.

इथे ९.८१ कुठे आला नाही हे लक्षात घ्या, कारण जुनी पुस्तकं वाचलेले लोक इथेच अडकतात. जुन्या तांत्रिक पद्धतीत बल किलोग्रॅम-फोर्समध्ये असायचं आणि मग वस्तुमानाचं एकक ९.८०६६५ किलोचं घ्यावं लागायचं, मेट्रिकमधला स्लगच म्हणा ना. त्या पद्धतीत इनर्शिया काढायला जीडी-स्क्वेअरला ४ गुणिले ९.८१ ने भागतात, उत्तर येतं ०.३०६, आणि ते त्या जुन्या एककात बरोबरही असतं. पण ते ०.३०६ कुणी किलो मीटर स्क्वेअर समजून नव्या सूत्रात घातलं तर रोटर दहा पट हलका वाटतो आणि स्टार्टिंगचा वेळ दहा पट कमी येतो.

तुमच्याकडे जुने लोक स्टार्टिंग टाइम काढायला ३७५ चं सूत्र वापरत असतील, जीडी-स्क्वेअर गुणिले आरपीएम, भागिले ३७५ गुणिले टॉर्क. टॉर्क म्हणजे फिरवणारा जोर, तो तिथे किलोग्रॅम-फोर्स मीटरमध्ये. त्या ३७५ मध्येच ४, ९.८१ आणि ६० भागिले २π हे तिन्ही आलेले आहेत. म्हणजे १००० आरपीएम आणि १० केजीएफ मीटर उपलब्ध टॉर्क धरला तर नुसत्या रोटरला १२ गुणिले १०००, भागिले ३७५०, म्हणजे ३.२ सेकंद. नव्या पद्धतीने ३ गुणिले १०००, भागिले ९.५५ गुणिले ९८.१ न्यूटन मीटर, पुन्हा ३.२ सेकंद. दोन्ही सूत्रं चांगली आहेत, फक्त एकाचं खाद्य दुसऱ्याला घालू नका. (जोडलेल्या लोडचा इनर्शिया अर्थातच वेगळा मिळवायचा, आणि स्पीड वेगळा असेल तर मोटर शाफ्टवर आणून.)

आणि ब्रिटिश कॅटलॉग हाताला लागला तर त्यात बहुतेक पाउंड फूट स्क्वेअर असतं, त्यात त्रिज्याच घेतलेली असते, त्याला ०.०४२१४ ने गुणलं की किलो मीटर स्क्वेअर, तिथे ४ चा संबंध नाही.

लिलावात एक जुना इंग्लिश पॉवर प्रेस घेतला. प्लेटवर नेट वेट ५ टन आहे, आमचा चेन पुली ब्लॉकही ५ टनाचा. उचलायला हरकत नाही ना? (वर्कशॉप मालक, नाशिक)

हरकत आहे, थांबा. जुन्या इंग्लिश प्लेटवरचा टन हा लाँग टन असतो, २२४० पाउंडांचा, म्हणजे १०१६ किलो. पाच टन म्हणजे ५०८० किलो. तुमचा पुली ब्लॉक ५००० किलोचा. वर स्लिंग, शॅकल, स्प्रेडर बीम असेल तर ते वेगळं. ‘ऐंशी किलोने काय होतंय’ असं कुणी म्हणालं तर ऐकू नका, सेफ वर्किंग लोडमध्ये जो फॅक्टर ठेवलेला असतो तो झटक्यासाठी आणि झिजेसाठी असतो, आपण आधीच खाऊन टाकायला नसतो. मोठी हायड्रा क्रेन बोलवा. उलट अमेरिकन मशीन असतं तर त्यांचा टन २००० पाउंडांचा, ९०७ किलो, पाच टन म्हणजे ४५३६ किलो, आणि पुली ब्लॉक पुरला असता.

प्रेसवर आणखी एक टन लिहिलेला असेल, १०० टन वगैरे, तो वजनाचा नाही, प्रेस किती जोराने दाबतो त्याचा आहे. मेट्रिक टन-फोर्स धरला तर १०० टन म्हणजे ९८१ किलोन्यूटन. आणि एसीचा टन तर ना वस्तुमान ना बल, तो २००० पाउंड बर्फ २४ तासात वितळायला जेवढी उष्णता लागते तो दर, ३.५१७ किलोवॅट.

मोबाईलवर कन्व्हर्टर असताना हे गुणक माहीत असायची आता गरज काय? (वाचक, ठाणे)

गुणक पाठ नसले तरी चालेल, पण कुठला गुणक कशाचा आहे हे कन्व्हर्टर सांगत नाही. यावर मला कायम २३ जुलै १९८३ चं एअर कॅनडाचं विमान आठवतं. कॅनडा तेव्हा मेट्रिककडे वळत होता आणि हे बोइंग ७६७ त्यांच्या ताफ्यातलं नवीन, किलोत इंधन मोजणारं विमान होतं. इंधनाचे गेज बंद होते म्हणून टाकीत पट्टी बुडवून मोजलं, ७,६८२ लिटर होतं. एडमंटनपर्यंत जायला २२,३०० किलो पाहिजे. लिटरचं किलो करायला गुणक घेतला १.७७. हा गुणक खोटा नव्हता, विमानाच्या इंधनाच्या एका लिटरचं वस्तुमान खरंच १.७७ असतं, पण पाउंड. किलोत ते ०.८०३ आहे. ७,६८२ गुणिले १.७७ म्हणजे १३,५९७, ते किलो समजले, उरलेल्या ८,७०३ साठी पुन्हा १.७७ ने भागून ४,९१७ लिटर भरलं. खरंतर २०,०८८ लिटर भरायला हवं होतं. म्हणजे २२,३०० किलोऐवजी विमान २२,३०० पाउंड घेऊन उडालं, निम्म्याहूनही कमी.

४१,००० फुटांवर असताना इंधन संपत आलं आणि थोड्याच वेळात दोन्ही इंजिनं बंद पडली. कॅप्टन बॉब पिअर्सन यांना ग्लायडर उडवायचा अनुभव होता, त्यांनी ते अवाढव्य विमान तरंगत मॅनिटोबातल्या गिमली इथल्या हवाई दलाच्या जुन्या धावपट्टीवर उतरवलं, तिथे त्या दिवशी मोटारींच्या शर्यतीचे लोक जमलेले होते. विमानातले ६९ जण वाचले. हिशोब कुणी एकट्याने केला नव्हता, तो पुन्हा तपासलाही होता, आणि प्रत्येक वेळी गुणाकार बरोबरच आला. कागदावर नुसतं १.७७ न लिहिता ‘१.७७ पाउंड प्रति लिटर’ लिहिलं असतं तर तपासणाऱ्याच्या डोळ्याला ते लगेच खुपलं असतं. म्हणून मी माझ्या हाताखालच्या प्रत्येकाला सांगतो, वहीत, एक्सेलमध्ये, व्हॉट्सअ‍ॅपवर, कुठेही आकडा एकट्याने पाठवायचा नाही, त्याचं एकक सोबत गेलंच पाहिजे.

लोडसेलचा काटा वस्तुमान मोजतो की बल? (वाचक, छत्रपती संभाजीनगर)

बल मोजतो आणि दाखवतो किलो. पुण्यात गुरुत्व त्वरण ९.७८ च्या आसपास, लंडनला ९.८१. पुण्यात कॅलिब्रेट केलेला काटा तसाच तिकडे नेला तर ५० टनाच्या ट्रकला साधारण १४० किलो जास्त दाखवेल. म्हणून वजनकाटा जिथे बसवायचा तिथेच, प्रमाणित वजनं ठेवून कॅलिब्रेट करतात. दोन पारड्यांच्या तराजूला हा प्रश्न येत नाही, दोन्ही बाजूंना ओढ सारखीच बदलते.

आम्ही कापूस क्विंटलने विकतो आणि बातम्यांमध्ये भाव खंडीचा सांगतात. खंडी म्हणजे नक्की किती किलो, आणि त्यावरून आमच्या कापसाचा भाव कसा काढायचा? (शेतकरी, यवतमाळ जिल्हा)

कापसाच्या व्यापारातली खंडी ७८४ पाउंडांची, किलोत ३५५.६, म्हणजे ३.५५६ क्विंटल. व्यवहार मेट्रिकवर जाऊन इतकी वर्षं झाली तरी बाजाराने ही खंडी सोडलेली नाही. दुसऱ्या मालाची किंवा जुन्या कागदपत्रातली खंडी वेगळी असू शकते, तिथे हा आकडा लावू नका.

पण नुसतं ३.५५६ ने भागून तुमचा भाव निघणार नाही, कारण खंडीचा भाव रुईचा असतो, सरकी काढलेल्या, आणि तुम्ही विकता तो सरकीसकट कापूस. समजा खंडी ५५,००० ला आहे, तर रुई किलोला १५४ रुपये ६६ पैसे. एक क्विंटल कापसातून साधारण तिसरा हिस्सा रुई निघते, जात आणि ओलावा बघून थोडी कमी-जास्त. ३४ किलो धरली तर रुईचे ५,२५८ रुपये झाले. उरलेल्यातली थोडी घट सोडून बाकी सगळी सरकी, तिचा त्या दिवशीचा भाव लावून ते पैसे यात मिळवा आणि जिनिंगचा खर्च, वाहतूक, व्यापाऱ्याचं मार्जिन वजा करा, जो आकडा येईल त्याच्या आसपास तुम्हाला भाव मिळाला पाहिजे. तुमच्या भागातल्या जिनिंगमध्ये रुईचा उतारा किती पडतोय ते आधी विचारून घ्या, कारण ३४ च्या जागी ३६ आला तर याच भावाने क्विंटलमागे रुईचे ३०९ रुपये वाढतात, सरकी दोन किलो कमी होईल तेवढे त्यातून वजा करा.